घशाचा प्रारणोत्तर नालव्रण

घशाचा प्रारणोत्तर नालव्रण : घशाच्या किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगावर प्रारण चिकित्सा (किरणोपचार) झाल्यानंतर त्याच जागी करावी लागलेली शस्त्रक्रिया नीट भरून आली नाही, तर घशाची पोकळी आणि मानेची त्वचा यांच्यामध्ये एक अस्वाभाविक मार्ग निर्माण होतो. त्यास घशाचा प्रारणोत्तर नालव्रण म्हणतात. क्वचित शस्त्रक्रिया झालेली नसतानाही केवळ प्रारणामुळे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) मृत होऊन असा मार्ग पडतो. या मार्गातून लाळ आणि गिळलेले अन्नपाणी मानेवर झिरपत राहते. रुग्णाला तोंडाने जेवता येत नाही, जखम सतत ओली राहते आणि मानेतील मोठ्या रोहिण्यांना धोका पोहोचतो. कर्करोग समूळ निघाला असला, तरी केवळ या एका उपद्रवामुळे रुग्णाला आठवडे किंवा महिने रुग्णालयात काढावे लागतात.

नालव्रणाची कल्पना भारतीय वैद्यकास जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत नाडीव्रणाचे स्वतंत्र वर्णन आढळते. नळीतून वाहावा तसा पू व्रणातून वाहतो म्हणून त्यास ‘नाडी’ हे नाव पडले. आधुनिक वैद्यकात दोन अवस्थांमध्ये भेद करतात. एक तोंड बंद असलेला मार्ग आणि दोन्ही बाजूंनी उघडा असून दोन पोकळ्यांना किंवा पोकळी व त्वचा यांना जोडणारा मार्ग, अशा त्या दोन होत. प्रस्तुत लेखात दुसऱ्या प्रकारातील घशाच्या नालव्रणाचा विचार केलेला आहे.

शारीर व प्रकार : कवटीच्या तळापासून ग्रसिकेपर्यंत (अन्ननलिकेपर्यंत) जाणाऱ्या स्नायुमय नळीस ग्रसनी म्हणतात. स्वरयंत्र हे या नळीच्या पुढील बाजूस बसविल्यासारखे असते. ते संपूर्ण काढून टाकले म्हणजे ग्रसनीची पुढील भिंत उघडी पडते. उरलेल्या श्लेष्मकलेच्या कडा एकमेकींना शिवून नळी पुन्हा बंद करतात आणि श्वासनालाचे वरचे टोक मानेच्या तळाशी त्वचेला शिवून तेथे कायमचे श्वासरंध्र तयार करतात. त्यामुळे श्वासाचा व अन्नाचा मार्ग एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे होतात. शिवणीची रेषा आडव्या व उभ्या अशा दोन भागांची असल्यास दोन्ही जेथे मिळतात ती जागा, तसेच शिवण जेथे जिभेच्या मुळाला लागते ती जागा, या सर्वांत दुर्बल असतात. नालव्रण बहुधा तेथूनच सुरू होतो.

ग्रसनी व त्वचा यांमधील नालव्रण हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. श्वासनाल व ग्रसिका यांच्यामधील नालव्रण हा दुसरा प्रकार असून त्यातून अन्न थेट फुप्फुसांत उतरत असल्याने फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) होण्याचा धोका असतो. बोलता यावे म्हणून या दोन नळ्यांमध्ये मुद्दाम पाडलेले छिद्र प्रारणामुळे दुर्बल झालेल्या ऊतकात रुंदावत जाऊनही हा प्रकार उद्‌भवू शकतो.

कारणमीमांसा : कोणतीही जखम भरून येण्यासाठी तीन गोष्टी लागतात : पुरेसा रक्तपुरवठा, नव्या कोशिका तयार करण्याची ऊतकाची क्षमता आणि संक्रामणापासून मुक्तता. घशाच्या कर्करोगासाठी साधारणतः ६० ते ७० ग्रे इतकी प्रारण मात्रा ३० ते ३५ हप्त्यांत विभागून सहा ते सात आठवड्यांत देतात. प्रारणामुळे कर्ककोशिकांमधील डीएनए रेणूंना इजा होऊन त्या मरतात. निरोगी कोशिका ही इजा बऱ्याच अंशी दुरुस्त करू शकतात, परंतु त्यांचीही हानी पूर्णपणे टळत नाही. सूक्ष्म रोहिण्यांचे आतील अस्तर जाड होत जाऊन त्यांची पोकळी अरुंद होते व काही अगदीच बंद पडतात. जखम सांधणाऱ्या कोशिकांची संख्या घटते आणि मऊ ऊतकाची जागा कठीण तंतुमय ऊतक घेते. परिणामी मानेची त्वचा ताठ व लाकडासारखी लागते. असे ऊतक एरवी कसेबसे जगत असते, पण शस्त्रक्रियेच्या वेळी त्यास कापले, ताणले व शिवले म्हणजे वाढीव रक्तपुरवठ्याची गरज ते भागवू शकत नाही. हे बदल प्रारणानंतर काही महिन्यांनी दिसू लागून वर्षानुवर्षे वाढतात. म्हणूनच फार पूर्वी प्रारण घेतलेली मान निर्धोक समजता येत नाही.

त्यात लाळेची भर पडते. निरोगी माणसात रोज सु. १ ते १·५ लि. लाळ तयार होते. तिच्यात पाचक एंझाइमे व तोंडातील असंख्य सूक्ष्मजंतू असतात. शिवणीतील एखाद्या बारीक फटीतून ती त्वचेखाली साचली, की सूक्ष्मजंतुसंक्रामण होऊन आसपासचे ऊतक विरघळू लागते, फट रुंदावते आणि आणखी लाळ आत शिरते. हे दुष्टचक्र तोडणे हाच सर्व उपचारांचा हेतू असतो.

कुपोषण, रक्तक्षय, मधुमेह, तंबाखूचे चालू व्यसन आणि शस्त्रक्रियेच्या वेळी मानेतील लसीका ग्रंथींचे केलेले व्यापक उच्छेदन यांमुळे नालव्रणाची शक्यता वाढते. मानेवरील प्रारणामुळे अवटू ग्रंथीचे कार्यही मंदावते. ही न्यूनता लक्षात न आल्यास जखम भरण्यास विलंब लागतो. रक्तातील अवटू प्रवर्तकाचे प्रमाण मोजणे सोपे असून औषधही स्वस्त असल्याने ही तपासणी कधीही टाळू नये. नालव्रण हट्टाने टिकून राहिल्यास आणखी चार गोष्टी शोधाव्या लागतात. आत एखादी बाह्य वस्तू राहिली आहे काय, खालच्या बाजूस ग्रसनी अरुंद झाली आहे काय, मार्गाच्या भिंतीवर त्वचेचे अस्तर चढले आहे काय आणि कर्करोग पुन्हा उद्‌भवला आहे काय, या त्या होत.

प्रमाण : विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या उपचारांत मोठा पालट झाला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, प्रगत कर्करोगाच्या ३३२ रुग्णांपैकी ज्यांच्यावर आधी रासायनिक चिकित्सा व नंतर प्रारण चिकित्सा करण्यात आली, त्यांच्यातील सु. ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचविता आले आणि जगण्याचे प्रमाण शस्त्रक्रिया केलेल्या गटाइतकेच राहिले. तेव्हापासून स्वरयंत्र आधी वाचविण्याचा प्रयत्न करावा आणि रोग उरला किंवा उलटला तरच ते काढावे, अशी प्रथा रूढ झाली. अशा नंतरच्या शस्त्रक्रियेस उद्धारक शस्त्रक्रिया म्हणता येईल. बहुसंख्य रुग्णांना या बदलाने लाभ झाला. तथापि ज्यांच्या बाबतीत प्रारण अपुरे पडते, त्यांच्यावर प्रारणाने दुर्बल झालेल्या मानेतच शस्त्रक्रिया करावी लागते.

याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. २०१४ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार प्रारण न झालेल्या रुग्णांत स्वरयंत्र काढल्यानंतर सु. १४ टक्के, तर प्रारणानंतर काढल्यास सु. २८ टक्के रुग्णांना नालव्रण होतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात नालव्रणाचे प्रमाण केवळ प्रारण घेतलेल्यांत १५ टक्के, तर प्रारण व रासायनिक चिकित्सा एकाच वेळी घेतलेल्यांत ३० टक्के आढळले.

लक्षणे व निदान : शस्त्रक्रियेनंतर साधारणतः पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पहिली चिन्हे दिसतात. प्रारण झालेल्या रुग्णांत ती याहून उशिराही दिसू शकतात. ताप येणे, मानेची त्वचा लाल व दुखरी होणे, जखमेतील निचरा नळीतून येणारा स्राव गढूळ व दुर्गंधियुक्त होणे आणि अखेर टाक्यांमधून लाळ वाहू लागणे, असा क्रम असतो. मिथिलिन ब्ल्यू या निळ्या रंजकाचे पाणी घोटभर गिळावयास दिल्यास ते मानेवर दिसते. क्ष-किरणांना अपारदर्शक असा जलविद्राव्य पदार्थ गिळावयास देऊन घेतलेल्या चित्रात मार्गाची लांबी व दिशा कळते. अंतर्दर्शनाने आतील तोंड पाहता येते. प्रारणानंतर नालव्रण उशिरा झाला असल्यास त्याच्या कडांची जीवोतक परीक्षा (ऊतकाचा तुकडा काढून केलेली सूक्ष्मदर्शकीय परीक्षा) आवश्यक ठरते, कारण कर्करोग उरलेला असताना केलेली दुरुस्ती टिकत नाही.

धोके : सर्वांत गंभीर धोका ग्रीवा रोहिणी फुटण्याचा होय. मेंदूला रक्त पुरविणारी ही मोठी रोहिणी नालव्रणापासून काही सेंमी. अंतरावरच असते. प्रारणाने तिच्या भित्तीचे पोषण आधीच घटलेले असते. त्यात ती लाळेने भिजत राहिली व उघडी पडली, तर फुटून काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. पुष्कळदा मोठ्या रक्तस्रावापूर्वी काही तास किंवा दिवस थोडे ताजे लाल रक्त येऊन आपोआप थांबते. हा इशारा समजावा. नातेवाइकांनी अशा वेळी रक्त थांबले म्हणून स्वस्थ न राहता, जखमेवर स्वच्छ कापडाची घडी हाताने घट्ट दाबून धरून रुग्णास ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेथे रोहिणीत आतून जाळीदार नळी बसविणे, रोहिणी बंद करणे किंवा शस्त्रक्रियेने बांधणे हे उपाय करता येतात.

रुग्णाची उपासमार, लाळ श्वासरंध्रात उतरून होणारा फुप्फुसशोथ, नियोजित पुढील उपचारांना होणारा विलंब आणि बरे झाल्यावर ग्रसनी आकसून गिळण्यास होणारा कायमचा त्रास हे इतर धोके होत. मानसिक परिणामही दुर्लक्षणीय नाही. मानेतून लाळ गळणारा व बोलता न येणारा माणूस घरच्या पंगतीपासूनही दूर राहू लागतो.

शस्त्रक्रियाविरहित उपचार : प्रारण न झालेल्या मानेतील लहान नालव्रणांपैकी बहुतेक योग्य शुश्रूषेने काही आठवड्यांत आपोआप भरून येतात. प्रारणानंतरही लहान नालव्रणाच्या बाबतीत प्रथम हाच मार्ग अनुसरतात. तोंडाने अन्नपाणी पूर्ण बंद करून नाकातून जठरात घातलेल्या नळीने, अथवा दीर्घकाळ लागणार असेल तर पोटावरून थेट जठरात बसविलेल्या नळीने, पोषण देतात. साचलेला पू व लाळ यांस वाट करून देतात, मृत ऊतक काढून टाकतात, जखमेत पट्टी भरून ती दिवसातून अनेक वेळा बदलतात आणि संक्रामणाप्रमाणे प्रतिजैविके देतात. लाळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून श्वासरंध्रात फुगा असलेली नळी ठेवतात. लाळेचा ओघ ग्रीवा रोहिणीकडे जात असेल, तर तो मानेच्या मध्यरेषेकडे वळवितात.

विल्यम माँटगोमेरी या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९७८ मध्ये प्रचारात आणलेली सिलिकोनाची लाळवाहक नळी ग्रसनीत ठेवल्यास लाळ नालव्रणास वळसा घालून थेट ग्रसिकेत उतरते. जखमेवर हवाबंद आवरण घालून यंत्राने सतत सौम्य ऋण दाब देण्याची पद्धतीही निवडक रुग्णांत उपयुक्त ठरली आहे. काही केंद्रांत वाढीव दाबाखाली ऑक्सिजन देण्याचा पूरक उपचार करतात.

या काळात आहाराला औषधाइतकेच महत्त्व असते. नळीतून देता येईल असे पातळ, गाळलेले पण प्रथिनयुक्त अन्न (उदा., दूध, अंडे, वरणाचे पाणी, नाचणीचे आंबील, मासळीचे गाळलेले सार) आहारतज्ञाच्या सल्ल्याने ठराविक वेळी द्यावे लागते. रक्तातील अल्ब्युमीन व हीमोग्लोबिन यांचे प्रमाण सुधारल्याशिवाय मोठी दुरुस्ती हाती घेणे टाळतात.

शस्त्रक्रियेची तत्त्वे : नालव्रण मोठा असेल, काही आठवड्यांच्या उपचारांनीही तो मिटण्याची चिन्हे नसतील, मानेची त्वचा मृत झाली असेल किंवा ग्रीवा रोहिणी उघडी पडली असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. पहिल्या दोन परिस्थितींत संक्रामण व शोथ निवेपर्यंत थांबणे हिताचे असते, तर शेवटच्या परिस्थितीत तातडीने रोहिणी झाकावी लागते.

छिद्राच्या कडा पुन्हा शिवून टाकणे हा वरकरणी सोपा वाटणारा उपाय प्रारण झालेल्या मानेत बहुधा निष्फळ ठरतो, कारण ज्या ऊतकाने पहिली शिवण धरली नाही तेच दुसरीही धरीत नाही. यातील मूळ उणीव शिवणीची नसून रक्ताची असते. म्हणून प्रारणक्षेत्राबाहेरील निरोगी ऊतक त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांसह मानेत आणून बसविणे हे या शस्त्रक्रियेचे मुख्य सूत्र होय. त्यासाठी (१) मृत व संक्रमित ऊतक निरोगी कडा लागेपर्यंत काढणे, (२) ग्रसनीला आतून लाळ न झिरपणारे अस्तर देणे, (३) बाहेरून त्वचेचे आच्छादन करणे, (४) या दोन थरांमध्ये भरपूर रक्तपुरवठा असलेला स्नायू घालणे आणि (५) कोणत्याही शिवणीवर ताण येऊ न देणे, हे नियम पाळतात.

रक्तवाहिन्यांचा देठ कायम ठेवून उचललेल्या अशा ऊतकखंडास वैद्यकीय व्यवहारात फ्लॅप म्हणतात. साधे त्वचारोपण यापासून भिन्न आहे. रोपण केलेल्या त्वचेला स्वतःचे रक्त नसल्याने तिला खालच्या ऊतकावर अवलंबून राहावे लागते. म्हणून प्रारणाने दुर्बल झालेल्या व लाळेने भिजलेल्या जागी ती बहुधा टिकत नाही.

इतिहास : देठासह ऊतक फिरविण्याच्या तत्त्वाचा एक प्रसिद्ध पुरावा महाराष्ट्रातील आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान कैद होऊन त्याचे नाक कापण्यात आले होते. पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने कपाळाची त्वचा देठासह खाली वळवून त्याला नवे नाक बसविले. हा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात चित्रासह प्रसिद्ध झाला. त्यावरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. नवी त्वचा जुन्या जागेशी जुळेपर्यंत देठ तोडावयाचा नाही, हे त्यामागील सूत्र घशाच्या दुरुस्तीतही लागू पडते.

कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया टेओडोर बिलरोट यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्ना येथे केली. त्या काळी ग्रसनी व श्वासनाल एकमेकांपासून वेगळे करीत नसत. त्यामुळे लाळ फुप्फुसांत उतरून अनेक रुग्ण दगावत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी श्वासनाल स्वतंत्रपणे त्वचेला शिवण्याची पद्धत रूढ केल्यावर ही शस्त्रक्रिया पुष्कळ सुरक्षित झाली. तथापि ग्रसनीच्या शिवणीतून होणारा नालव्रण मात्र राहिला.

व्हाराम बाकामजियन यांनी १९६५ मध्ये छातीच्या वरच्या भागापासून खांद्यापर्यंतच्या त्वचेचा फ्लॅप ग्रसनीच्या पुनर्रचनेसाठी वापरला. तो भरवशाचा असला, तरी सु. तीन आठवड्यांनी देठ तोडण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागे आणि तोवर एक तात्पुरता नालव्रण मुद्दाम ठेवावा लागे. स्टीफन एरियन यांनी १९७९ मध्ये छातीच्या मोठ्या स्नायूसह त्यावरील त्वचेचा फ्लॅप डोके व मान यांसाठी वर्णन केला आणि एकाच बैठकीत दुरुस्ती करणे शक्य झाले. मुक्त फ्लॅपची वाटचाल समांतर झाली. १९५९ मध्ये सायडनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यांत्राचा तुकडा मानेत नेऊन त्याच्या रक्तवाहिन्या तेथील वाहिन्यांना जोडल्या. पुढे चीनमधील शल्यचिकित्सकांनी अग्रबाहूचा व १९८४ मध्ये मांडीच्या पुढील-बाहेरील भागाचा फ्लॅप प्रचारात आणला.

पद्धती : (१) छातीच्या मोठ्या स्नायूचा फ्लॅप : भारतात हा सर्वाधिक वापरात असलेला फ्लॅप होय. स्नायूला रक्त पुरविणारी रोहिणी जत्रुकाच्या (गळ्याच्या हाडाच्या) मध्याखालून छातीकडे उतरते. तिला धक्का न लावता स्नायू व त्यावरील त्वचेचा लंबगोल तुकडा उचलतात आणि जत्रुकावरून त्वचेखालील बोगद्यातून मानेत आणतात. त्वचेची बाजू आत वळवून ग्रसनीच्या छिद्राला शिवतात व तीच नवे अस्तर होते. बाहेर राहिलेल्या स्नायूवर आवश्यक तर मांडीची पातळ त्वचा रोपण करतात. छिद्र लहान असल्यास ते शिवून त्यावर केवळ स्नायूचे आच्छादन घालतात. त्याच स्नायूने ग्रीवा रोहिणीही झाकली जाते. या फ्लॅपला सूक्ष्मदर्शक लागत नाही व वेळ कमी लागतो, हे त्याचे गुण होत. लठ्ठ व्यक्तीत तो जाड होतो, पुरुषांत घशात केस उगवण्याचा उपद्रव होऊ शकतो आणि खांद्याची शक्ती काहीशी घटते, हे त्याचे दोष होत.

(२) मुक्त फ्लॅप : ग्रसनीचा परीघ बराच नष्ट झाला असल्यास अग्रबाहू किंवा मांडी येथील पातळ, लवचीक ऊतक पूर्णपणे सुटे करून मानेत आणतात आणि त्याच्या १ ते ३ मिमी. व्यासाच्या रोहिण्या व नीला मानेतील वाहिन्यांना शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडतात. प्रारण व पूर्वीची शस्त्रक्रिया यांमुळे मानेत जोडण्याजोगी वाहिनी सापडणेच कठीण असते. अशा वेळी मानेच्या तळाशी, दुसऱ्या बाजूस किंवा छातीत ती शोधावी लागते. जोडलेल्या वाहिनीत गुठळी झाल्यास संपूर्ण फ्लॅप मृत होतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्याचा रंग, उष्णता व रक्तप्रवाह वारंवार तपासतात.

(३) अंतर्गत अवयवांचे स्थानांतर : ग्रसनीचा पूर्ण वर्तुळाकार भाग गेला असल्यास मध्यांत्राचा नळीसारखा तुकडा बसवितात. ग्रसिकाही काढावी लागल्यास जठर छातीतून वर ओढून ग्रसनीच्या उरलेल्या भागाला जोडतात. या शस्त्रक्रिया मोठ्या असल्याने निवडक रुग्णांतच करतात.

स्थानिक त्वचा आत दुमडून छिद्र बुजविण्याची जुनी पद्धत प्रारण न झालेल्या, लहान व जुनाट नालव्रणापुरतीच उरली आहे.

शस्त्रक्रियेनंतर : प्रारण न झालेल्या रुग्णास साधारणतः आठवड्याने तोंडाने पाणी देता येते, परंतु प्रारण झालेल्यास बहुधा दोन ते तीन आठवडे थांबावे लागते. गिळण्याच्या क्ष-किरण चित्रात गळती नसल्याची खात्री करून प्रथम पाणी, मग पेज आणि क्रमाने मऊ अन्न सुरू करतात. फ्लॅपच्या कडेने पुन्हा बारीक गळती होणे असामान्य नाही. मधला स्नायू जिवंत असल्यास ती बहुधा शुश्रूषेने भरून येते. पुढे ग्रसनी आकसल्यास ती विस्फारकांनी रुंद करावी लागते. वाणीचे पुनर्वसन नालव्रण मिटेपर्यंत लांबणीवर पडते. त्यानंतर १९८० मध्ये सिंगर व ब्लॉम यांनी प्रचारात आणलेल्या पद्धतीने श्वासनाल व ग्रसिका यांमध्ये लहान झडप बसविणे, विजेवर चालणारे ध्वनियंत्र वापरणे किंवा ग्रसिकेतून बोलण्यास शिकणे, हे पर्याय असतात.

प्रतिबंध : नालव्रण झाल्यावर निरोगी ऊतक आणण्याऐवजी ते मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच का आणू नये, या विचाराला अलीकडे बळ आले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक रुग्णालयांतील ३५९ रुग्णांच्या अभ्यासात प्रारणानंतर स्वरयंत्र काढून ग्रसनी केवळ शिवली असता ३४ टक्के, शिवणीवर छातीच्या स्नायूचे आच्छादन घातले असता १५ टक्के आणि मुक्त फ्लॅप शिवणीत बसविला असता २५ टक्के रुग्णांना नालव्रण झाला. पुढील वर्षीच्या एका एकत्रित विश्लेषणातही निरोगी ऊतकाच्या आच्छादनाने धोका सु. एक-तृतीयांशाने घटल्याचे दिसले. आच्छादनाने नालव्रण सर्वस्वी टळत नाही, परंतु झालाच तर तो लहान राहतो व मोठ्या रोहिण्या सुरक्षित राहतात. रुग्णाचे पोषण, मधुमेह, रक्तक्षय व अवटू न्यूनता यांवर आधीच उपाय करणे आणि तंबाखू पूर्ण सोडविणे हाही प्रतिबंधाचाच भाग होय.

महाराष्ट्रातील स्थिती : तंबाखू चघळणे, मिश्री लावणे, विडी ओढणे व मद्यपान यांमुळे तोंड व घसा यांचे कर्करोग राज्यात मोठ्या प्रमाणावर आढळतात. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईतच इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्‌घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. प्रारण चिकित्सा, शल्यचिकित्सा व पुनर्रचना या तिन्ही शाखा तेथे एकाच छताखाली असल्याने प्रस्तुत विकारासारख्या गुंतागुंतीच्या रुग्णास त्याचा विशेष लाभ होतो. गुटख्याच्या विक्रीवर राज्यात २०१२ मध्ये बंदी घालण्यात आली.

नालव्रणाच्या उपचारात रुग्णालयाइतकेच घराचे अंतरही विचारात घ्यावे लागते. पट्टी रोज बदलावयाची असते, अन्ननळी अडकल्यास किंवा निसटल्यास ती पुन्हा घालावी लागते आणि इशाऱ्याचा रक्तस्राव झाल्यास विलंब चालत नाही. मुंबईच्या महानगरातही ही गोष्ट सर्वत्र सोपी नाही. उदा., मढसारख्या समुद्राकाठच्या कोळीवाड्यातील रुग्णास मार्वेच्या रस्त्याने मालाड गाठावे लागते किंवा तरीने खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरावे लागते आणि त्यानंतर परळपर्यंतचा प्रवास उरतो. राज्याच्या दुर्गम भागांतून येणाऱ्यांची अडचण याहून मोठी असते. म्हणून रुग्णास घरी पाठविण्यापूर्वी घरातील एका व्यक्तीस नळीतून अन्न देणे, श्वासरंध्र स्वच्छ ठेवणे व रक्तस्रावाच्या वेळी दाब देणे शिकवितात आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात जावयाचे हे आधीच ठरवून देतात. श्वासरंध्र असलेल्या व्यक्तीच्या नाकातोंडावाटे फुप्फुसांत हवा जात नाही. त्यामुळे तिला ऑक्सिजन द्यावयाचा झाल्यास तो मानेवरील रंध्रातूनच द्यावा लागतो, हेही सोबतच्या माणसांना माहीत असावे लागते.

मानेतून लाळ येऊ लागली म्हणजे कर्करोग परतला, अशी रुग्णाची व नातेवाइकांची समजूत होते व कित्येक जण उपचार सोडून देतात. परंतु नालव्रण म्हणजे कर्करोग परतल्याचा पुरावा नव्हे. जीवोतक परीक्षेने तशी खात्री करून घेता येते. रोग उरलेला नसल्यास पोषण, शुश्रूषा आणि योग्य वेळी बाहेरून आणलेले रक्तयुक्त ऊतक यांच्या साहाय्याने बहुसंख्य नालव्रण मिटतात व रुग्ण पुन्हा तोंडाने जेवू लागतो.